फिकट्याची पावलं

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी सिनेमा बघायला गेलेच नव्हते. खोट काढायला गेले होते.

सिनेमा म्हणजे दुसरा भाग. पहिला भाग बावीस वर्षांपूर्वी आला आणि त्यातले आवाज माझे होते. रक्त पिणारा व्हॅम्पायरच नायक, असा मारामारीपट. आमच्या स्टुडिओत त्या व्हॅम्पायरला सगळे फिकट्या म्हणायचे, कारण नटाच्या तोंडाला इतकी पांढरी पावडर थापलेली असायची की बिचाऱ्याला शिंकायचीही चोरी.

माझा धंदा लोकांना समजावून सांगावा लागतो. पडद्यावर माणूस चालतो, दार लोटतो, कोट झटकतो, पण शूटिंगच्या वेळी हे आवाज धड येत नाहीत. ते नंतर बंद खोलीत, पडद्याकडे बघत, त्याच्या पावलाला पाऊल जुळवून आम्ही काढतो. माझ्या खोलीत जमिनीचे चौकोन आहेत: एक फरशीचा, एक लाकडी फळ्यांचा, एक लोखंडी जाळीचा, एक खडीचा. भिंतीला चाळीस जोड पादत्राणं टांगलेली. पाहुणे आले की विचारतात, एवढी माणसं राहतात का घरात? मी म्हणते, हो, आणि सगळी माझ्याच पायांत.

फिकट्या मानेत दात रुतवायचा तेव्हा मी ओल्या कातड्यात गुंडाळलेला कोबीचा गड्डा मोडायचे. त्याची साखळी म्हणजे लोकरी मोज्यात कोंबलेली सायकलची चेन. वटवाघळाचे पंख म्हणजे चामड्याचे हातमोजे. त्या वर्षी आमच्या घरी इतका कोबी संपला की मुलगा कोबीचं नाव काढलं तरी ताटावरून उठायचा.

पण तो सिनेमा गाजला तो या आवाजांमुळे नव्हे. गाजला एका न आलेल्या आवाजामुळे. फिकट्याच्या पावलांना आवाजच नव्हता. बाकी सगळ्यांची पावलं वाजायची आणि हा मात्र मागे येऊन उभा राहिला तरी टाचणी पडल्याइतकाही आवाज नाही. थिएटरात लोक माना वळवून मागे बघायचे. पेपरांतून छापून आलं, काय कल्पना आहे! मला बक्षीस मिळालं. मुलाखतीत मी सांगितलं, ‘मरणाला पाऊल नसतं.’ उचलली जीभ लावली टाळ्याला! पण ते वाक्य इतकं चाललं की पुढे मलाच खरं वाटायला लागलं.

आता खरं काय ते सांगते. फिकट्याची पावलं मी चालले होते. तीन दिवस चालले होते, जड बूट घालून, घोटे सुजेपर्यंत. आमचे हे रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करायचे. मिक्सिंगच्या दिवशी मुलाला गोवर, म्हणून मी घरी. ह्यांनी सगळे ट्रॅक एकत्र केले आणि पावलांचा ट्रॅक उघडायलाच विसरले. मला पत्ता लागला तो थेट थिएटरात, आठशे लोकांत बसून. मी ह्यांच्या मांडीला असा चिमटा काढला की तीन दिवस काळा डाग होता. घरी येऊन बोलले ते वेगळंच. हे एवढंच म्हणाले, ‘विसरलो गं. आता झाकली मूठ सव्वा लाखाची.’ पुढची सोळा वर्षं, म्हणजे हे जाईपर्यंत, घरात काहीही राहिलं, दूध उतू गेलं, छत्री विसरली, की मी म्हणायचे, ‘जो तीन दिवसांची पावलं विसरला त्याला छत्रीचं काय!’ आणि हे खाली मान घालून हसायचे.

ही झाली जुनी गोष्ट. आता सून.

सहा वर्षांपूर्वी मुलानं लग्न केलं. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो, त्याला आवाजातलं ओ की ठो कळत नाही. ही मात्र लग्नानंतर आठव्या दिवशी माझ्या खोलीत येऊन खडीच्या चौकोनावर उभी राहिली आणि म्हणाली, ‘आई, ही खडी जास्त कोरडी आहे का?’ आणि होतीच कोरडी! तेव्हाच मी ओळखलं की ही कानामागून आली आणि तिखट होणार. माझे गुडघे गेल्यापासून चालायची कामं तीच करते. मी खुर्चीत बसून चुका काढते. तोंडावर स्तुती करायची नाही, हा आमच्या घरचा जुना नियम. ह्यांनी माझी कधी केली नाही, मी हिची केली नाही.

दुसरा भाग हे तिचं पहिलं स्वतंत्र काम. आठ महिने खपली. मला एकही रीळ दाखवलं नाही. ‘सगळं झाल्यावर बघा,’ म्हणाली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण गप्प बसले.

आणि शेवटच्या मिक्सिंगला चार दिवस राहिले असताना दिग्दर्शकाचा मला फोन. या पोराला मी टोपीवाला म्हणते. कधीही बघा, डोक्यावर लोकरी टोपी. तेरा वर्षांचा असताना त्यानं पहिला भाग एकोणीस वेळा पाहिला आणि त्याच्याच पायी या धंद्यात आला.

‘मावशी,’ तो म्हणाला, ‘तुमच्या सुनेनं फिकट्या बिघडवलाय. मी तिचे आवाज काढून पहिल्या भागातले तुमचेच आवाज लावायचं म्हणतोय. दात, साखळी, सगळं. पण तुम्ही आधी बघा. तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा.’

‘आणि तिचं नाव?’

‘साहाय्यक म्हणून देऊ ना.’

मला बरं वाटलं. हो, वाटलं, कशाला लपवू? बावीस वर्षांनंतरही माझ्याच कोबीला मागणी, म्हटल्यावर कोणाला वाटणार नाही? फोन ठेवून मागे वळले तर दारात सून उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचे कान म्हणजे कान आहेत.

‘आई, माझ्याकडे बघून काही ठरवू नका,’ ती म्हणाली. ‘वाईट असेल तर वाईट म्हणा. मला शाळेत संगणक शिकवायची नोकरी आलीय. सोमवारपर्यंत कळवायचंय. हे काम गेलं तर मी ती घेईन आणि पुन्हा या खोलीत पाय ठेवणार नाही.’

‘धमकी देतेस?’

‘नाही हो. सांगून ठेवतेय.’

मी तिला ओळखते. ती खरंच ठेवणार नव्हती.

शुक्रवारी सकाळी दहाला स्टुडिओतल्या छोट्या थिएटरात गेलो. चौदा खुर्च्या, त्यातल्या दोन मोडक्या. टोपीवाला मध्यभागी वही घेऊन. सून मागच्या रांगेत, भिंतीला टेकून. मी पुढे, पाय लांब करता यावेत म्हणून. मनात ठरवून बसले होते की दुसरा भाग म्हणजे शिळ्या कढीला ऊत, त्यात बघायचंय काय.

सुरुवातीला मला खोट काढायला पोटभर सामान मिळालं. पहिल्या भागात खलनायक एकच होता आणि तो नुसता दारात उभा राहिला तरी लोक पाय वर ओढून बसायचे. इथे तीन. एकाला बघून भ्यावं तोवर दुसरा हजर, तिसऱ्याचं तर काम काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. पहिलीच पाठलागाची मारामारी इतकी लांबली की मला वाटलं, आता हे सगळे दमून चहाला बसतील. पहिला भाग सुरीसारखा होता, कुठेही फुकटचा शब्द नाही. हा जरा पसरट.

पण पुढे मी वाकून बघायला लागले ते मला कळलंच नाही.

गोष्ट अशी होती. पहिल्या भागात फिकट्या एका लहान मुलीला वाचवतो. इथे ती मोठी झालीये, आणि व्हॅम्पायर मारत फिरतेय, कारण तिला वाटतं आपल्या आईबापांना फिकट्यानंच खाल्लं. फिकट्यानं रक्त पिणं सोडलंय. खंगलाय. साखळी उचलताना हात थरथरतो. आणि तिथे साखळीचा आवाज! माझी चेन खणखणीत होती, तरण्याताठ्या फिकट्याची. हिनं कड्या सुट्या केल्या होत्या आणि एकेक कडी खाली ओघळल्यासारखी वाजत होती. ऐकूनच कळत होतं की याच्या अंगात आता ताकद नाही, नुसती सवय उरलीये. मी मनात म्हटलं, अगं बाई! हे मला सुचलं नसतं.

काचेच्या छपरावरची मारामारी आली. पहिल्या भागात अशीच एक होती, तिथे मी टोपलीभर काच फोडली होती, धडाधड. हिनं काच फुटूच दिली नाही. सबंध मारामारीभर काच नुसती कुरकुरते. तडा जातो, थांबतो, पुन्हा जातो. माझ्या तळपायाला घाम सुटला. शेवटी फुटली तेव्हा मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. चाळीस वर्षं या धंद्यात काढलेली बाई मी, काच कशी फोडतात हे मला कोणी शिकवायला नको, आणि मी खुर्ची धरून बसलेली!

दातांचा आवाजही कोबीचा नव्हता. अख्ख्या सिनेमात फिकट्या एकदाच चावतो, तेही बेशुद्ध पडलेल्या त्या मुलीच्या अंगात चढलेलं विष ओढून काढायला. हिनं तिथे काहीही मोडलं नव्हतं. नुसता श्वास. लहान मूल बाटली सोडताना घेतं तसा. मला माझ्या कोबीची लाजच वाटली.

तेवढ्यात टोपीवाला पुढे वाकून कुजबुजला, ‘मावशी, आता येईल बघा घोटाळा.’

पडद्यावर ती मुलगी वरच्या मजल्यावर एकटी, दाराला पाठ लावून, हातात सुरा. खाली जिना. इतका वेळ, अख्खा सिनेमाभर, फिकट्याची पावलं गप्प होती, पहिल्या भागासारखीच. आणि आता जिन्यावर आवाज आला.

खट्. मग जरा घासत, सर्र. पुन्हा खट्.

तो चढत होता. सावकाश. प्रत्येक पायरीवर पाऊल मुद्दाम टाकत, वाजवत. वर ती मुलगी ऐकतेय. आधी सुरा घट्ट धरते. मग तिची मूठ हळूहळू सैल होते. तो दारापाशी येऊन थांबतो आणि आत येत नाही.

माझा हात आपोआप माझ्या गुडघ्यावर गेला. ती चाल मी ओळखत होते. उजवा पाय धड, डावा घासत. माझी चाल! माझीच, गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची, घरातल्या सपातांतली.

सिनेमा संपला. दिवे लागले. टोपीवाल्यानं वही मिटली. ‘पाहिलंत? बाकीचं एक वेळ चालवून घेऊ. पण फिकट्याची पावलं वाजवली! अहो, तो नियम होता. तुम्हीच म्हणाला होतात, मरणाला पाऊल नसतं. त्या शांततेसाठी मी या धंद्यात आलो. आणि हिनं म्हाताऱ्या बाईसारखं फरफटत आणलं त्याला.’

मी मागे वळले. ‘काय गं, व्हॅम्पायर करायचा म्हटल्यावर तुला नेमकी सासूच आठवली होय?’

सून लाजली, हसली, मग घाबरली. ‘तसं नाही, आई.’

‘मग कसं? सांग की.’

‘लग्न झालं तेव्हा आमची खोली पॅसेजच्या टोकाला,’ ती म्हणाली. ‘दाराला धड कडी नव्हती. तुम्ही कधीही आलात तरी लांबूनच सपाता वाजवत यायचात. मला आधी वाटायचं, तुमचं चालणंच तसं. मग एकदा स्वयंपाकघरात बघितलं, तर तिथे मांजरासारख्या चालता. म्हणजे आमच्याकडे येतानाच वाजवायचात. आम्ही दचकू नये म्हणून.’ ती जरा थांबली. ‘फिकट्याला आवाज न करता येता येतं. बावीस वर्षं तसाच आला. पण त्या पोरीनं घाबरू नये असं ज्या दिवशी त्याला वाटलं, त्या दिवशी तो पाय वाजवत येणार ना? दुसरं काय करणार तो?’

मी तोंड फिरवून पुढे बघत बसले. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांची पावलं ऐकली. माझी कोणी ऐकली असतील असं डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

‘हे सगळं छान आहे,’ टोपीवाला म्हणाला, ‘पण लोकांना हे समजावायला थिएटरात कोण येणार? नियम मोडला की मोडला. पहिल्या भागातल्या प्रत्येक गोष्टीमागे विचार होता. बोला मावशी. तुमचं मत काय?’

आता हो म्हणायचं की नाही? ‘नियम पाळ’ म्हटलं की माझा कोबी, माझी चेन, माझं नाव, सगळं पुन्हा पडद्यावर. आणि सोमवारी सून शाळेत. नुसतं ‘राहू दे’ म्हटलं तर हा म्हणणार, सुनेची बाजू घेते. त्याचा देव ती शांतता होती. त्या देवाचे पाय मातीचे आहेत हे माझ्याशिवाय कोणाला माहीत होतं?

‘अरे टोपीवाल्या,’ मी म्हटलं, ‘ऐक. विचार नाही, डोंबल नाही. ती चूक होती.’

‘कोणती?’

‘शांतता. मी तीन दिवस त्याची पावलं चालले होते. आमचे हे मिक्सिंगला ट्रॅक उघडायला विसरले. बस. मरणाला पाऊल नसतं वगैरे मी नंतर थापलं. बक्षीस त्याच थापेवर घेतलं. तू ज्याला नियम म्हणतोस ना, तो एका विसरभोळ्या माणसाचा घोळ आहे. आणि घोळासाठी या पोरीचं काम फेकू नकोस, कारण हा सिनेमा माझ्याहून चांगला वाजतोय.’

टोपीवाल्यानं टोपी काढली. पहिल्यांदाच. खाली पार टक्कल, तळहातासारखं. ‘एकोणीस वेळा पाहिला मी तो,’ एवढंच म्हणाला. मग सुनेकडे बघून, ‘राहू दे तुझी पावलं. नियमच नव्हता म्हटल्यावर मोडला कुठून?’

मी जिंकून आले. निदान मला तसं वाटलं. ह्यांचं नाव खाली गेलं याचं वाईट वाटत होतं, पण गेलेल्या माणसापेक्षा असलेलं माणूस मोठं, अशी मनाची समजूत घातली. घरी येऊन चहा टाकला. सून मात्र माझ्या खोलीत जाऊन लाकडी चौकोनावर बसलेली, चेहरा पडलेला.

‘आता काय झालं? तुझ्यासाठी मी चारचौघांत नाक कापून घेतलं आणि तू तोंड पाडून बसतेस?’

ती उठली. लोखंडी कपाटाच्या तळातून टेपचा एक चपटा डबा काढून माझ्या हातात दिला. ‘मला पहिल्याच महिन्यात सापडला,’ ती म्हणाली. ‘बाबांनी तुम्हाला सांगितलं नव्हतं, म्हणून मीही नाही सांगितलं. आज तुम्ही तिथे बोलायला लागलात तेव्हा मला ओरडावंसं वाटलं, पण तोवर तुम्ही बोलून मोकळ्या झाला होतात.’

डब्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवला होता. अक्षर ह्यांचं, बारीक, उजवीकडे झुकलेलं.

‘फिकट्या, पावलं. रीळ चार ते सात. उत्तम. मिक्सिंगला लावून बघितली, काढून बघितली, पुन्हा लावून बघितली. नसताना जास्त भीती वाटते. बंद ठेवली. तीन दिवस चालली आहे, पाय सुजलेत, तिला कोणत्या तोंडानं सांगू? विसरलो म्हणेन.’

मी ते वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

‘मेल्या!’ मी म्हटलं. खरंच म्हटलं, मोठ्यानं, ह्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून. ‘सोळा वर्षं बोलणी खाल्लीस आणि हसत राहिलास!’ आणि मग माझ्या डोळ्यांना धार लागली ती थांबेना. छत्रीपासून दुधापर्यंत सगळं आठवलं. मांडीवरचा तो काळा डाग आठवला. माझे तीन दिवस मुद्दाम वाया घालवले हे मला कळू नये म्हणून हा माणूस जन्मभर विसरभोळा होऊन राहिला. आणि आज मी त्याला चारचौघांत वेंधळा ठरवून आले.

सून पाणी घेऊन आली. मी प्यायले. चहा तोवर उकळून उकळून काळा झाला होता.

‘तू हे टोपीवाल्याला दाखवलं असतंस तर?’ मी विचारलं, पण उत्तर मला माहीत होतं.

‘दाखवलं असतं तर तो म्हणाला असता, बघ, नियम होता. विचार करून केलेला. माझी पावलं तेव्हाच गेली असती,’ ती म्हणाली. ‘पण आज तुम्ही चूक म्हणालात म्हणून ती राहिली. म्हणजे खोट्यावर राहिली. बाबांचं नाव घालवून राहिली. मला नकोत तशी. आई, त्याला फोन करा.’

‘अगं, तो काढून टाकेल.’

‘टाकू दे. शाळा आहेच.’

ती हे इतकं शांतपणे म्हणाली की मला तिचा रागच आला. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा आणि वर पाणी पाजायचं सासूला! पण राग कोणावर काढू? तिच्या जागी मी असते तर डबा जाळून टाकला असता. ती माझ्यापेक्षा ह्यांच्यावर गेली होती, रक्ताचं नातं नसताना.

लावला फोन. कागद अक्षर न् अक्षर वाचून दाखवला. पलीकडून टोपीवाला ओरडला, ‘म्हणजे नियम होता! मावशी, मी म्हणत नव्हतो? मग तर पावलं काढायलाच हवीत!’

‘थांब,’ मी म्हटलं. ‘नियमबियम गेला खड्ड्यात. आमच्या ह्यांनी नियम वाचून पावलं काढली नाहीत. आधी ऐकली, मग काढली. स्वतःच्या बायकोची होती, तरी कानाला जे पटलं ते केलं. तूही तेच कर. या पोरीची पावलं लावून बघ, काढून बघ, पुन्हा लावून बघ. माझं नाव विसर, तिचं विसर, तू तेरा वर्षांचा होतास तेही विसर. मग काय ते ठेव. आम्ही दोघी हू की चू करणार नाही.’

‘खरंच?’

‘फोन ठेव आणि ऐकायला बस.’

मग आम्ही बसलो. ती लाकडी चौकोनावर, मी खुर्चीत. तिनं शाळेचं पत्र काढून मांडीवर ठेवलं, उघडलं नाही. मला तिला शंभर गोष्टी सांगायच्या होत्या. काचेचं छप्पर, साखळी, तो श्वास. पण तोंडावर स्तुती करायची नाही, हा नियम. वाटलं, निकाल लागू दे, मग सांगू. आणि तेव्हाच माझी नजर पुन्हा त्या झाकणावर गेली. उत्तम, असं लिहिलं होतं. ह्यांनी ते टेपच्या डब्याला सांगितलं, मला नाही. मला ते कळायला बावीस वर्षं लागली, आणि तेही सुनेच्या हातून.

‘ए,’ मी म्हटलं.

तिनं वर बघितलं.

‘पावलं उत्तम होती. काच उत्तम होती. साखळी माझ्यापेक्षा चांगली. तो ठेवो नाहीतर काढो, मी आजच सांगतेय.’

ती पत्र हातात तसंच धरून खडीच्या चौकोनाकडे बघत राहिली. तेवढ्यात फोन वाजला. आम्ही दोघीही उठलो नाही. चौथ्या घंटेला तीच उठली, तिनं उचलला, ‘हं’ म्हणाली, पुन्हा ‘हं’ म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

‘काय म्हणाला?’

‘म्हणाला, काढून बघितली तर तो तिला मारायला आलाय असं वाटतं. लावली तर घरी आलाय असं वाटतं.’ तिनं डोळे पुसले. ‘ठेवलीत. आणि म्हणाला, नावांच्या यादीत शांततेसाठी बाबांचं नाव घालायचंय, पहिल्या भागाचं राहून गेलं म्हणून. चालेल का विचारतोय.’

‘चालेल म्हणावं,’ मी म्हटलं. ‘आणि त्या तीन खलनायकांतला एक तरी काढ म्हणावं.’

ती हसत हसत पुन्हा फोनकडे गेली. मी उठून नवा चहा टाकायला स्वयंपाकघरात निघाले, आणि सपाता वाजवतच गेले.